गंभीर चेहऱ्याची थाप

विज्ञानाची आवड असलेली चार माणसे मोबाईलवर एकत्र आली की थोड्याच दिवसांत तिथे नियम लागतो : ‘कृपया मीम टाकू नयेत.’ शुभ सकाळची फुले, पक्षांचे झेंडे, प्लॉटच्या जाहिराती आणि मीम, सगळ्यांची एकच मोट बांधलेली असते. नियम लावणारे बहुधा निवृत्त शिक्षक, डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक. माणसे भली, तळमळीची. विज्ञानाच्या नावाने चाललेला पोरखेळ त्यांना बघवत नाही. त्यांच्या तळमळीशी माझे भांडण नाही. मीम कशाला म्हणायचे हे त्यांनी ज्या मापाने ठरवले, त्या मापाशी आहे. ते माप खोटे आहे. त्यामुळे जे बाहेर ठेवायचे ते बिनदिक्कत आत येते आणि ज्याला आत जागा द्यायची त्याला दारातूनच हाकलले जाते.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर मी माझ्या सोयीचा विरोधक उभा केला असे कोणी म्हणेल. पहिले म्हणणे असे की, मीम म्हणजे एक चित्र आणि त्यावर दोन ओळी. त्यात ना पुरावा, ना स्पष्टीकरण. दुसरे, विज्ञान ही गंभीर गोष्ट आहे, तिची थट्टा झाली की तिची किंमत कमी होते. तिसरे म्हणणे जरा पढीक आहे : हा शब्द जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली एका विशिष्ट शास्त्रीय अर्थाने वापरला, आज मोबाईलवर फिरणारी चित्रे त्या अर्थाने मीम नव्हेतच, ती नुसती टवाळी. या तिन्हींना उत्तर देतो, पण सारखा वेळ देणार नाही.

मी वेळापूरचा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढात नातेपुते, माळशिरस करत इथे मुक्कामाला येते आणि पुढे भंडीशेगाव, वाखरीवरून पंढरपुरात जाते. पालखी जवळ आली की गावात दोन गोष्टी न चुकता येतात. एक पाण्याचे टँकर, दुसरा तुळशीवरचा मजकूर. हा मजकूर तुम्हीही वाचला असेल. तुळस ही चोवीस तास ऑक्सिजन देणारी वनस्पती आहे. पहाटे ती ओझोन सोडते, म्हणून पहाटेची प्रदक्षिणा. वारीत बायका डोक्यावर वृंदावन घेतात त्यामागेही विज्ञान आहे : चालताना शुद्ध प्राणवायू मिळतो, दम लागत नाही. शेवटी ‘हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ आणि ‘आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.’

हा मजकूर विज्ञानप्रेमींच्या कुठल्याही ग्रुपवर टाकून बघा. राहतो. त्यात चित्र नाही, विनोद नाही, शुद्धलेखन बरे आहे, ऑक्सिजन आणि ओझोन असे दोन शास्त्रीय शब्द आहेत. नियमाच्या मापाने ती ‘माहिती’ ठरते. आता त्याच ग्रुपवर आयटीआयच्या एखाद्या पोराने केलेले चित्र टाका : वृंदावनातली तुळस गोधडी पांघरून बसली आहे आणि म्हणते आहे, ‘दिवसभर उन्हात राबले, आता रात्री मीपण ऑक्सिजनच घेणार, झोपू द्या.’ हे चित्र पाच मिनिटांत काढले जाईल, वर पोराला समज मिळेल. विज्ञानाच्या बाजूने बघितले तर या दोहोंत खरे बोलणारी ती गोधडीतली तुळस आहे.

कशी, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७ ऑगस्ट १७७१ रोजी एक प्रयोग मांडला. बंद भांड्यातल्या हवेत मेणबत्ती जळून विझली होती, त्या हवेत त्यांनी पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी, २७ ऑगस्टला, त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. वनस्पती हवा ‘दुरुस्त’ करते हे कळले. गंमत अशी की पुदिना आणि तुळस एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, तेव्हा मजकूरवाल्यांना प्रीस्टली हक्काचा साक्षीदार मिळायला हवा होता. पण त्याच्यामागून यान इंगेनहाउझ हा डच डॉक्टर आला. १७७९ साली त्याने ओळीने शेकडो प्रयोग करून दाखवले की, वनस्पतीचा हिरवा भागच हे काम करतो आणि तेही उजेडातच. अंधारात झाड आपल्यासारखेच वागते, म्हणजे ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हे उघडकीला येऊन अडीचशे वर्षे होत आली. आपल्या शाळेच्या पुस्तकातही प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात सूर्यप्रकाश ही अट असतेच. ज्यांनी तो धडा आयुष्यभर शिकवला त्यांच्याच ग्रुपवर चोवीस तासांची तुळस सुखाने नांदते.

कोणी म्हणेल, काही वनस्पती रात्रीही काम करतात. करतात. निवडुंग, घायपात, पानफुटी या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून घेतात. पण ऑक्सिजन सुटतो तो दिवसाच, कारण पाण्याचा रेणू फोडायला प्रकाश लागतो. शिवाय तुळस त्या गटातली नाही. ओझोनचे तर उलटेच आहे. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर तो आपला रक्षक असतो, पण नाकाजवळ आला तर फुप्फुसांना इजा करतो, म्हणून हवेच्या प्रदूषणाच्या मोजमापात त्याची नोंद घेतली जाते. तुळस खरोखर ओझोन सोडत असती तर पहाटे तिच्यापासून लांब राहा असेच सांगावे लागले असते.

मग हिशेबही करून टाकू. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे तासाला १५ लिटर. चांगल्या उन्हात एक चौरस मीटर हिरवी पाने तासाला ढोबळ मानाने एक लिटर ऑक्सिजन देतात, तेही सढळ हाताने धरले तर. डोक्यावरच्या लहानशा वृंदावनात पानांचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा दहावा भाग धरू. म्हणजे तासाला १०० मिलिलिटर. नुसत्या बसलेल्या बाईला पुरेल इतका ऑक्सिजन हवा तर भर दुपारच्या उन्हात अशी १५० वृंदावने लागतील. चालताना गरज तिपटीवर जाते, तेव्हा हा आकडा साडेचारशेच्या घरात पोहोचतो. आणि एवढे करून तो ऑक्सिजन तिच्या नाकात शिरणार कसा? वारी मोकळ्या रस्त्याने चालते, वारा असतो. पाऊस नसला तर धूळही असते.

इथे मनातले थोडे बोलतो. डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून चालत आलेल्या माउलीने कधी कोणाला ऑक्सिजन मागितलेला नाही. ती तुळस विठ्ठलाची म्हणून डोक्यावर घेते आणि तिला तेवढे पुरते. तिच्या भक्तीला प्रयोगशाळेचा दाखला जोडायची खाज ज्यांना सुटते, त्यांना ना भक्तीवर भरवसा असतो ना विज्ञानाची ओळख. हा मजकूर दोन्ही घरचा अपमान करतो.

आता मुद्द्यावर. या दोन पोस्टपैकी मीम कोणते? दिसण्यावरून ठरवायचे तर पोराचे चित्र. वागण्यावरून ठरवायचे तर तुळशीचा मजकूर. त्याला लेखक नाही, तारीख नाही, तपासायला जागा नाही. ‘शास्त्रज्ञ’ म्हणजे कोण, कुठले, कधीचे, हे तो सांगत नाही. तो जगतो तो खरा आहे म्हणून नव्हे. वाचणाऱ्याला अभिमान वाटतो, पाठवायला कष्ट पडत नाहीत आणि ‘पुढे पाठवा’ ही आज्ञा त्याच्या पोटातच आहे, म्हणून तो जगतो. दरवर्षी आषाढात उगवतो, थोडा बदलतो, कधी तुळशीच्या जागी पिंपळ येतो. जुन्या माणसांना पोस्टकार्डे आठवत असतील. संतोषीमातेच्या नाहीतर तिरुपतीच्या नावाने यायची : एवढ्या प्रती काढून एवढ्या लोकांना धाडा, लाभ होईल, टाळाटाळ केलीत तर नुकसान. त्या कार्डावर ना चित्र असे ना विनोद. देवीच्या जागी शास्त्रज्ञ बसवला आणि शापाच्या जागी अभिमान घातला की आजचा ‘वैज्ञानिक’ मजकूर तयार होतो.

म्हणूनच तिसऱ्या आक्षेपवाल्यांना, म्हणजे डॉकिन्सचे नाव घेणाऱ्यांना सांगावेसे वाटते की, त्यांचे पुस्तक आधी पुरते वाचा. ‘द सेल्फिश जीन’च्या शेवटाकडच्या प्रकरणात त्यांनी जी उदाहरणे दिली आहेत ती चाली, कल्पना, म्हणी, कपड्यांच्या फॅशन, मडकी घडवायच्या आणि कमानी बांधायच्या पद्धती अशी आहेत. टिकाऊपणा, झपाट्याने वाढणे आणि नक्कल हुबेहूब होणे, या तीन गुणांवर कल्पना तगतात, असे त्यांचे म्हणणे. हे माप लावले तर आमच्याकडे उतारावर वारकरी धावा घेतात ते मीम, टाळाचा ठेका मीम, तुळशीचा मजकूर तर अस्सल मीम. या अर्थाने ‘मीम टाकू नयेत’ असा नियम करायचा तर ग्रुपवर कोणी तोंडच उघडू शकणार नाही. इंटरनेटवरच्या चित्रांत माणसे मुद्दाम बदल करतात, आपल्या मूळ कल्पनेत बदल आपोआप होत होते, हा फरक खुद्द डॉकिन्स यांनी २०१३ साली सांगितला आहे. पण त्या फरकावरून एक चांगले आणि दुसरे वाईट असे काही निघत नाही. आणि ज्या शास्त्राचा हे लोक दाखला देतात त्याची गत काय झाली? मीमच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक १९९७ साली निघाले आणि २००५ साली बंद पडले. वाहून जाणारा सुटा घटक कोणता आणि तो मोजायचा कसा, हेच कोणाला पक्के ठरवता आले नाही. पढीक आक्षेपाला याहून जास्त जागा देत नाही.

चेहऱ्याचे माप किती फसवे असते ते विज्ञानाच्या स्वतःच्या घरातही दिसते. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एकामागून एक चालणारी रांग पाहिली नाही असा माणूस सापडणार नाही. ती रांग कुठल्या टवाळ पोराने काढलेली नाही. १९६५ साली टाइम-लाइफच्या ‘अर्ली मॅन’ या भारदस्त पुस्तकासाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने ती घडीच्या पानावर रंगवली. पुस्तक गंभीर, हेतू शैक्षणिक. पुढे ती भिंतीवरच्या तक्त्यांत, टी-शर्टांवर, मोबाईलच्या जाहिरातींत उतरली आणि उतरताना एक गैरसमज पक्का करत गेली : उत्क्रांती म्हणजे शिडी, एक प्राणी संपला की त्याचा पुढचा, आणि सर्वांत वर आपण. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी १९८९ साली आपल्या पुस्तकात या रांगेचा चांगलाच समाचार घेतला. उत्क्रांती हे फांद्यांचे झाड आहे, रांग नव्हे. ‘माणूस माकडापासून झाला तर आता माकडे का उरली?’ हा प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख नसतो. त्याने ते चित्र विश्वासाने पाहिलेले असते, एवढेच. माझ्या मते ही रांग विज्ञानातल्या सर्वांत यशस्वी मीमांपैकी एक आहे, आणि ती कुठल्याही नियमाने अडली नसती.

उलट, थट्टा म्हणून जन्मलेल्या किती गोष्टी आज पाठ्यपुस्तकात आहेत ते बघा. श्रोडिंगर यांचे जिवंतही आणि मेलेलेही मांजर हे १९३५ साली पुंजभौतिकीच्या रूढ अर्थाची अडचण दाखवण्यासाठी मुद्दाम रचलेले हास्यास्पद उदाहरण होते. आज ते मांजर वगळून तो विषय शिकवता येत नाही. विश्व महास्फोटातून जन्मले या सिद्धान्तासाठी ‘बिग बँग’ हे शब्द खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर वापरले, आणि ते त्या सिद्धान्ताचे कट्टर विरोधक होते. ऐकणाऱ्यांना ते टिंगलीचे वाटले. आपण टिंगल केली नव्हती असे हॉइल पुढे म्हणाले. पण नाव चिकटले ते चिकटलेच. हे हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू. नारळीकरांनीही महास्फोटाविषयीच्या शंका शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. नारळीकरांची आणखी एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. केंब्रिजहून परतलेला नामवंत शास्त्रज्ञ त्या नावामागे आहे हे कळण्याआधीच कथेला पहिले बक्षीस मिळाले होते. मजकुराकडे बघावे, मुखवट्याकडे बघू नये, अशी जगतापांना अपेक्षा असावी. विज्ञानप्रेमी ग्रुपचे ॲडमिन नेमके उलटे करतात.

‘नासा’ या दोन अक्षरांनी आपल्याकडे जेवढा हैदोस घातला आहे तेवढा कुठल्याही व्यंगचित्राने घातलेला नाही. दिवाळी आली की रंगीबेरंगी दिव्यांनी चमकणारा भारताचा नकाशा फिरतो : ‘नासाने टिपलेली दिवाळीची रात्र.’ तो दिवाळीचा नाही आणि एका रात्रीचाही नाही. अमेरिकेच्या हवामान व सागरी संस्थेतल्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रह नोंदी जोडून तो २००३ साली बनवला. शहरे कशी वाढली ते कळावे म्हणून वेगवेगळ्या काळातल्या दिव्यांना पांढरा, निळा, हिरवा, लाल असे रंग दिले. नासाने २०१२ साली खऱ्या दिवाळीतले उपग्रहचित्र प्रसिद्ध केले आणि सांगितले की, दिवाळीत वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जाणवणारही नाही. हे स्पष्टीकरण कितीजणांनी पुढे पाठवले? मूळ नकाशा मात्र दरवर्षी येतो. त्यात एक नाट्य आहे. खऱ्या नकाशात शहरांच्या वाढीचा अभ्यास करायला पुरेल इतकी माहिती होती. तिच्यावर खोटी ओळ चिकटली आणि ती वाया गेली.

जानेवारी २०२० मध्ये पुदुच्चेरीच्या तेव्हाच्या नायब राज्यपालांनी ‘नासाने सूर्याचा ध्वनी टिपला, सूर्य ओम म्हणतो’ अशा अर्थाची चित्रफीत ट्विटरवर टाकली. देशभर हसे झाले. पण हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सूर्याची कंपने खरी आहेत. सोहो यानाच्या नोंदींवरून ती मोजली गेली, आणि कानाला ऐकू येत नाहीत म्हणून त्यांचा वेग सुमारे ४२ हजार पटींनी वाढवून त्यांचा आवाज तयार केला गेला. एक खोल घुमणारा नाद. सूर्याच्या पोटात काय चालले आहे ते त्या कंपनांवरून ओळखायचे शास्त्र आहे. या सगळ्यातले काहीच त्या चित्रफितीतून कोणाला मिळाले नाही. तिच्यावर जी शेकडो विनोदी चित्रे निघाली, त्यांच्यामुळे निदान ‘खरा आवाज कसा असतो?’ असे विचारणारे काही निघाले. थट्टेने प्रश्न तरी जागा होतो. गंभीर थाप तो निजवते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले तेव्हाचीच दोन चित्रे घ्या. एकात पृथ्वी चांदोमामाला राखी बांधते आहे, कारण आठवड्याभरात राखीपौर्णिमा होती. दुसऱ्यात चंद्राच्या धुळीत रोव्हरच्या चाकाने उमटवलेली राजमुद्रा आणि इस्रोचे चिन्ह, स्वच्छ, ठळक. राखीच्या चित्राने कोणालाही फसवले नाही. फसवूच शकत नाही, त्याची थट्टा चेहऱ्यावरच लिहिलेली आहे. राजमुद्रेचे चित्र मात्र चांगल्या शिकलेल्या माणसांनी ‘चंद्रावरून आलेला फोटो’ म्हणून पाठवले. ती एका चित्रकाराने उत्साहाने केलेली कलाकृती होती. प्रज्ञान या रोव्हरच्या चाकांवर ही चिन्हे कोरलेली होती हे खरे, म्हणून तर थाप इतकी चपखल बसली. आता नियमवाल्यांनी सांगावे, दोहोंपैकी त्यांनी कोणते काढले असते?

हे सगळे मोबाईलने आणले असेही नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते, इंटरनेटही आपल्या गावांत पोहोचले नव्हते. एका दिवसात बातमी देशभर आणि देशाबाहेर गेली, फोनवरून, तोंडातोंडी. तिथे नुसते ऐकायचे नव्हते. चमचा घेऊन मंदिरात जायचे आणि स्वतः करून बघायचे. नक्कल करायला इतके सोपे काहीच नसेल. उत्तरही तसेच करून दाखवावे लागले. दुधात रंग मिसळला की ते सोंडेत जात नाही, पृष्ठताणामुळे मूर्तीला चिकटून पातळ थराने खाली ओघळते, हे डोळ्यांना दिसते. पत्रके काढून जे जमले नसते ते रंगीत दुधाच्या चमच्याने केले. करून दाखवण्याची ती गोष्टही एकाकडून दुसऱ्याकडे गेली, म्हणजे तीही मीमच. तेव्हा कोणी म्हणाले नाही की हा चमच्याचा खेळ उथळ आहे, विज्ञानाची प्रतिष्ठा जाते.

आता विरोधकांचा सर्वांत चांगला मुद्दा, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. विनोदी चित्रसुद्धा चुकीचे शिकवू शकते. अगदी बरोबर. त्यातही जातीवरून, बायकांवरून, अडाणी म्हणून खेड्यातल्या माणसावरून केलेली थट्टा विज्ञानाच्या नावाखाली खपवली जाते, आणि ती मला तुळशीच्या मजकुराइतकीच नकोशी वाटते. पण ती काढायची ती अपमान म्हणून, चित्र आहे म्हणून नव्हे. मूठभर लोक दिवसभर चित्रांचा पाऊस पाडतात आणि कामाचे प्रश्न वाहून जातात, हीही तक्रार खरी आहे. त्याला दिवसाची मर्यादा घालावी. मजकुरालाही तीच घालावी.

पण विज्ञानावरच्या विनोदाला एक अंगभूत चाचणी असते. ज्याला मूळ गोष्ट माहीत नाही त्याला हसू येत नाही, आणि ज्याला हसू आले त्याला ती निदान अर्धीमुर्धी माहीत असते. १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचे पहिले चित्र आले. एम-८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातले, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे लांबचे, साडेसहा अब्ज सूर्यांइतक्या वस्तुमानाचे. आपल्याकडे लगेच त्याचा मेदूवडा झाला. यावर नाक मुरडणारे बरेच होते. पण वड्याकडे नीट बघणाऱ्या कोणाच्याही मनात पुढचा प्रश्न येतो : हा खालच्या बाजूला जास्त का तळला आहे? त्याचे उत्तर खरे भौतिकशास्त्र आहे. कृष्णविवराभोवती वायू प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने फिरतो. जो भाग आपल्या दिशेने येतो त्याचा प्रकाश जास्त तेजस्वी दिसतो, लांब जाणारा भाग मंद दिसतो. सापेक्षता सिद्धान्ताचा हा परिणाम शिकवायला त्या दिवशी मेदूवड्याहून चांगली सुरुवात कोणती होती? जो शिक्षक तो वडा काढून टाकतो, तो आपल्या हातातला खडूच फेकून देतो.

कशाला परवानगी द्यायची आणि कशाला नाही, याचा विचार या मातीत आधीच झालेला आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर ग्रंथाला तीनशे वर्षे होत आली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी स्वतःच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, मूळ पाठ ठरवला आणि यात आपल्या ओवीची भर घालू नये अशी सक्त ताकीद देऊन ठेवली. उगम कळला पाहिजे, नक्कल मुळाबरहुकूम असली पाहिजे, हा दंडक. याच नाथांनी भारुडेही रचली. त्यात विंचू चावतो, सासू-सासऱ्यांची फजिती होते, वेडा येतो, महारही पंडितांना ऐकवतो. ती हसवण्यासाठी रचलेली, सोंग घेऊन करायची, आणि करणारा काळाप्रमाणे त्यात आपली वाक्ये घालणार हे गृहीत धरलेली. पालखीच्या वाटेवर, वेळापूरच्या हद्दीत, आजही भारूड होते. मोबाईलवर बोलणारा पुढारी त्यात येतो, बुवाबाजीची टर उडते, आणि नाथांची ओवी बिघडली म्हणून कोणी ओरडत नाही.

एकाच माणसाने नकलेच्या दोन रीती ओळखल्या आणि दोहोंना वेगळे नियम लावले. जो मजकूर ‘हे असे आहे’ म्हणतो, त्याला ग्रंथाचा नियम. कोणी म्हटले, कधी म्हटले, मूळ कुठे आहे. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ एवढेच असेल तर तो अशुद्ध पाठ समजावा, मग तो कितीही गंभीर दिसो. जे ‘मी थट्टा करतोय’ असे उघड सांगते, त्याला भारुडाचा नियम. त्यात काय चुकले ते दाखवावे, पण सोंग आणले म्हणून हाकलू नये. नाथांनी भारुडाला ग्रंथाचा नियम लावला असता तर विंचू कोणालाच चावला नसता. आणि ग्रंथाला भारुडाचा नियम लावला असता तर ज्ञानेश्वरीत आज कोणाकोणाच्या ओव्या सापडल्या असत्या, देव जाणे. आपले विज्ञानप्रेमी ग्रुप हाच उलटा कारभार करतात : भारुडाला ग्रंथाची कलमे लावतात आणि ग्रंथात कोणीही ओव्या घुसडाव्यात अशी सूट देतात.

राहिला प्रश्न सापडलेल्या थापेचे करायचे काय. बहुतेक ठिकाणी ॲडमिनच्या नजरेला आणून दिले की तो मजकूर गुपचूप काढतात आणि पाठवणारा थोर माणूस असेल तर फोन करून माफीही मागतात. मला हे पटत नाही. तुळशीचा मजकूर काढू नये, तिथेच ठेवावा. त्याच्या खाली इंगेनहाउझ, ओझोन आणि साडेचारशे वृंदावनांचा हिशेब टाकावा, शक्य असेल तर त्या गोधडीतल्या तुळशीच्या चित्रासह. काढून टाकला की वाचलेल्यांच्या डोक्यात थाप तशीच राहते, आणि पुढच्या आषाढात तोच मजकूर कोणीतरी नव्या उत्साहाने आणतो. उत्तर जागेवर असेल तर निदान शोधणाऱ्याला ते दोन्ही एकत्र सापडतात.